नेम का चुकतो?

(इयत्ता चौथी)

आपल्या शाळेत कळकाची दोन धनुष्यं आहेत. एक लांब आणि एक आखूड. आखूड धनुष्य आम्हा चौथीच्या मुलांना मिळतं. शनिवारी शाळा सुटली की गुरुजी आम्हाला मैदानावर नेतात. भाताच्या पेंढ्याचा मोठा भारा बांधून त्यावर कागदाचं निशाण लावलेलं असतं. आम्ही १० मीटरवरून बाण मारतो. हे अंतर गुरुजींनी टेप लावून मोजलं आहे आणि तिथं चुन्याची रेघ आखली आहे.

बाण चुकला की मुलं लगेच म्हणतात, "ह्याला नेमच नाही." गुरुजींना हे बोलणं मुळीच आवडत नाही. ते म्हणतात, "नेम काय जन्मताना कपाळावर लिहून येतो का? बाण चुकला म्हणजे त्याला कारण आहे. कारण शोधा." मी दिवाळीच्या सुट्टीपासून ही कारणं एका वहीत लिहिली. त्या वहीवरून हा लेख तयार केला आहे. नवीन शिकणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

आधी नियम

धनुष्यबाण खेळणं नाही. म्हणून नियम आधी सांगते.

गुरुजी जवळ असल्याशिवाय धनुष्याला हात लावायचा नाही. माणूस, गुरं, कुत्रं, पाखरू यांच्याकडं बाण रोखायचा नाही, गमतीनंसुद्धा नाही. बाण आकाशात सोडायचा नाही, कारण तो कुठं पडेल ते सांगता येत नाही. निशाणाच्या मागं मातीचा उंच बांध पाहिजे. मारणारे सगळे एकाच रेघेवर उभे राहतात. बाकीची मुलं रेघेच्या मागं. सगळ्यांचे बाण संपले आणि गुरुजींनी शिट्टी वाजवली की मगच बाण आणायला जायचं. पळत जायचं नाही. बाण उपटताना त्याच्या मागं कोणी उभं राहायचं नाही, नाहीतर मागचं टोक डोळ्यात जाईल.

आणखी एक. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाण असला की दोरीचा जोर बाण घेऊन जातो. बाण नसला की तो सगळा जोर धनुष्यावरच येतो आणि कळक तडकतो.

पहिल्यांदा सहा बाण मारा

एक बाण चुकला की आपण लगेच काहीतरी बदलतो. कोणी पाय हलवतो, कोणी हात वर करतो, कोणी धनुष्यच बदलून मागतो. गुरुजी म्हणतात, एका बाणावरून काही कळत नाही. सहा बाण मारायचे. सहाही वेळा निशाणाच्या मधोमधच बघायचं. मधे काही बदलायचं नाही. मग जवळ जाऊन नुसतं बघायचं की बाण कसे पडले आहेत.

ते दोन तऱ्हेनं पडतात. कधी सहाही बाण एकाच जागी जवळ जवळ असतात, पण ती जागा मधोमध नसते. दुपारी झाडाखाली मेंढरं एकमेकांना चिकटून बसतात ना, तसे. याला आम्ही 'घोळका' म्हणतो. कधी एक वर, एक खाली, एक डावीकडं, एक पार बांधात असे पडतात. दाणे फोकून टाकल्यासारखे. याला आम्ही 'विखुरलेले' म्हणतो.

माझ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. घोळका असेल तर मारणाऱ्याचा हात चांगला आहे, फक्त नेमाची खूण बदलायची आहे. विखुरलेले असतील तर खुणेला हात लावायचा नाही. आधी बाण, दोरी आणि आपलं अंग तपासायचं. विखुरलेल्या बाणांसाठी खूण हलवत बसलं तर संध्याकाळपर्यंत हलवतच बसाल.

बाण विखुरले तर सामान तपासा

गुरुजींनी आम्हाला अर्जुनाची गोष्ट सांगितली होती. अर्जुनाला झाड दिसलं नाही, फांदी दिसली नाही, फक्त पाखराचा डोळा दिसला. तेव्हा मी विचारलं, "गुरुजी, अर्जुनाचा बाण वाकडा असता तर?" सगळी मुलं हसली. पण गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. वाकड्या बाणाला डोळा काय करणार?" त्या दिवशी आम्ही सगळे बाण तपासले.

वाकडा बाण ओळखायची युक्ती सोपी आहे. पाटीवर नाहीतर सपाट फरशीवर बाण ठेवून हळू लोळवायचा. पिसं फरशीच्या कडेच्या बाहेर ठेवायची. सरळ बाण गुपचूप लोळतो. वाकडा बाण उड्या मारतो आणि टकटक वाजतो. आमच्या बारा बाणांत तीन वाकडे निघाले. तडकलेला बाण तर मारायचाच नाही. तो सुटताना मोडून हातात घुसू शकतो.

मग पिसं बघायची. बाणाला तीन पिसं असतात. मागची पिसं बाणाला सरळ ठेवतात. एक पीस उखडलं की बाण शेपूट हलवत जातो. तीन पिसांपैकी एक वेगळ्या रंगाचं असतं. बाण लावताना ते पीस धनुष्यापासून लांबच्या बाजूला ठेवायचं. ते धनुष्याकडं आलं तर सुटताना घासतं आणि बाण फेकला जातो.

सगळे बाण एकाच जाडीचे आणि एकाच वजनाचे पाहिजेत. जड बाण खाली पडतो हे कोणालाही कळेल. पण जाडीची गंमत मला माहीत नव्हती. बाण सुटताना काठीसारखा सरळ जात नाही. तो थोडा वाकतो, सरळ होतो, परत वाकतो. मासा पाण्यात जातो तसा. असं वाकूनच तो धनुष्याच्या कडेनं निसटतो. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा फार ताठ बाण डावीकडं जातो आणि फार लवचीक बाण उजवीकडं जातो. म्हणून आम्ही बाणांवर शाईनं १, २, ३ असे आकडे घातले. एकच आकडा सारखा बाहेर जात असेल तर दोष त्या बाणाचा. तो बाजूला काढायचा.

आता दोरी. दोरीवर जिथं बाणाची खाच बसते तिथं रंगीत दोरा गुंडाळून गाठ मारलेली असते. दर वेळी बाण त्या गाठीला टेकवूनच लावायचा. गाठ सरकली की बाणाचं शेपूट कधी वर बसतं, कधी खाली. मग बाणही तसाच वर-खाली जातो. मारायच्या आधी गाठीवरून बोट फिरवून ती हलते का बघायचं.

धनुष्याची मूठ आणि दोरी यांत किती अंतर आहे तेही बघायचं. मुठीवर हाताची मूठ ठेवून अंगठा उभा केला की अंगठ्याचं टोक दोरीला लागलं पाहिजे. जुनी माणसं असंच मोजत होती. दोरी ताणून लांब झाली की हे अंतर कमी होतं. मग दोरी मनगटावर सपकन लागते आणि बाण वेगळाच जातो. अशा वेळी गुरुजी दोरी उतरवून तिला चार पीळ जास्त देतात. पीळ दिला की दोरी आखूड होते. खेळ संपला की दोरी उतरवूनच ठेवायची, नाहीतर कळक वाकलेलाच राहतो आणि त्याचा जोर जातो. माझे आजोबा कळकाच्या पाट्या विणतात. ते म्हणाले, "कळकाला ज्या आकारात ठेवशील तो आकार तो शिकतो."

मग आपलं अंग तपासा

सामान चांगलं असूनही बाण विखुरले तर दोष आपल्या उभं राहण्यात नाहीतर ओढण्यात असतो. माझ्या वहीत एवढ्या गोष्टी आहेत.

पाय: रेघेच्या दोन्ही बाजूंना एक एक पाय ठेवायचा. दर वेळी त्याच जागी. आम्ही पायाभोवती खडूनं आखून घेतो.

मूठ: धनुष्य गच्च आवळायचं नाही. गच्च धरलं की सोडताना ते हातात फिरतं आणि बाण कधी डावीकडं, कधी उजवीकडं जातो. बादलीची कडी जशी बोटांवर टेकते तशी मूठ हातावर टेकली पाहिजे.

ओढणं: दोरी दर वेळी एकाच जागेपर्यंत ओढायची. आम्ही हनुवटीच्या खाली हात टेकवतो. दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला लागली पाहिजे. एकदा अर्धी ओढली, एकदा पूर्ण ओढली तर बाणाला कमी-जास्त जोर मिळतो. दमल्यावर हात आपोआप पुढं येतो आणि बाण खाली पडतात. दमल्यावर थांबायचं.

तोंड: हे ऐकून तुम्हाला हसू येईल. तोंड उघडं ठेवलं की हनुवटी खाली जाते. हनुवटीबरोबर हात खाली जातो, बाणाचं शेपूट खाली जातं आणि बाण वर जातो. म्हणून तोंड मिटून मारायचं. चिंच खात खात तर मुळीच नाही.

सोडणं: बोटं नुसती सैल सोडायची. सोडताना हात गालापासून बाहेर झटकला तर दोरी बाजूला ओढली जाते. उजव्या हाताच्या मुलांचे बाण मग बहुतेक डावीकडं जातात.

सोडल्यानंतर: बाण कुठं लागला हे बघायची सगळ्यांना घाई असते. म्हणून आपण धनुष्य लगेच खाली घेतो. बाण अजून पुरता सुटलेला नसतो तोवर हात खाली आलेला असतो. मग बाण खाली. बाण लागल्याचा आवाज येईपर्यंत हात हलवायचा नाही. गुरुजी म्हणतात, "फोटो काढताना उभे राहता तसे उभे राहा."

बाही: सैल बाही दोरीत अडकते. मनगटावर पट्टा बांधायचा. आमचा पट्टा जुन्या दप्तराचा केला आहे.

घोळका झाला तर खूण हलवा

आता घोळक्याचं सांगते. आमच्या धनुष्याला विकतची दुर्बीण वगैरे काही नाही. मुठीच्या वर चिकटपट्टी लावून तिच्याखाली एक रंगीत डोक्याची टाचणी आडवी खोचली आहे. टाचणीचं डोकं डावीकडं बाहेर येतं. दोरी ओढली की उजव्या डोळ्यानं टाचणीचं डोकं निशाणाच्या मधोमध आणायचं. ओढलेली दोरी डोळ्यापुढं अंधुक दिसते. ती दर वेळी धनुष्याच्या एकाच जागी दिसली पाहिजे.

समजा घोळका निशाणाच्या खाली पडला. टाचणी वर सरकवायची की खाली? आमच्या वर्गात निम्मी मुलं म्हणाली वर. पण उत्तर आहे खाली. का ते बघा. टाचणी खाली घेतली तर तिला निशाणाच्या मधोमध आणण्यासाठी धनुष्य वर उचलावं लागतं. धनुष्य वर गेलं की बाण वर जातो. म्हणून नियम असा: जिकडं बाण गेला तिकडं टाचणी न्यायची. बाण खाली तर टाचणी खाली. बाण वर तर टाचणी वर. बाण डावीकडं तर टाचणी डावीकडं बाहेर ओढायची. बाण उजवीकडं तर टाचणी आत ढकलायची.

किती हलवायची? याचं गणित आम्ही केलं. दोरी ओढल्यावर माझ्या डोळ्यापासून टाचणी सुमारे ६० सेंमीवर असते. निशाण १० मीटरवर, म्हणजे १००० सेंमीवर. १००० ला ६० नं भागलं की १६ येतात आणि थोडे उरतात. म्हणजे टाचणी १ मिमी हलवली की निशाणावर बाण सुमारे १६ मिमी सरकतो. माझा घोळका मधापासून ८ सेंमी खाली होता. ८ सेंमी म्हणजे ८० मिमी. ८० भागिले १६ बरोबर ५. मी टाचणी पट्टीनं मोजून ५ मिमी खाली घेतली आणि परत सहा बाण मारले. घोळका मधल्या पिवळ्या गोलाला येऊन टेकला. गणिताचा तास मैदानावर असा उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं.

अंतर वाढलं की टाचणी आणखी खाली घ्यावी लागते, कारण लांब जाताना बाण जास्त खाली येतो. म्हणून चिकटपट्टीवर प्रत्येक अंतराची वेगळी रेघ मारून ठेवायची.

एका वेळी एकच बदल करायचा, हे विसरू नका. बाणही बदलला, टाचणीही हलवली, पायही फिरवला आणि नेम बसला, तर कशामुळं बसला ते कळणार नाही. पुढच्या शनिवारी परत तेच. एक बदल, सहा बाण, वहीत एक ओळ.

माझ्या मैत्रिणीचे बाण

माझ्या एका मैत्रिणीचे सगळे बाण मागच्या बांधात जायचे. पेंढ्याला लागायचेच नाहीत. डावीकडं एक मीटरभर लांब. २६ जानेवारीला सहा मुलं गावापुढं बाण मारून दाखवणार होती. त्यात तिचं नाव होतं. मुलं म्हणू लागली, हिचं नाव काढा, ही गावाला हसवील. ती शनिवारी पोट दुखतं म्हणून घरी जायला लागली. मला म्हणाली, "माझ्या हातातच नेम नाही गं."

पण माझ्या वहीत तिचे बाण लिहिलेले होते. बांधात लागत होते, पण सहाही एकाच जागी! म्हणजे घोळका होता. हात चांगला होता. मी वही गुरुजींना दाखवली. गुरुजींनी तिची टाचणी डावीकडं पार टोकापर्यंत ओढली, तरी बाण डावीकडंच. मग त्यांनी तिचे डोळे तपासले.

ही तपासणी तुम्हीही करू शकता. दोन्ही हात पुढं लांब करून दोन्ही पंजे असे जोडायचे की मधे छोटी खिडकी राहील. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून लांबची एक वस्तू बघायची, उदाहरणार्थ शाळेची घंटा. मग एक एक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घंटा खिडकीतच दिसते तो तुमचा पुढारी डोळा. दोन डोळ्यांत एक पुढारी असतो. उजव्या हाताच्या पुष्कळ मुलांचा उजवा डोळाच पुढारी असतो, पण सगळ्यांचा नाही. माझ्या मैत्रिणीचा डावा निघाला. ती दोरी उजव्या डोळ्यापुढं ओढत होती आणि टाचणी डाव्या डोळ्यानं बघत होती. म्हणून बाण डावीकडं.

गुरुजींनी तिला दोन वाटा सांगितल्या. एक तर डावा डोळा मिटून मारायचं, नाहीतर हातच बदलायचे. तिनं हात बदलले. धनुष्य उजव्या हातात, दोरी डाव्या हातानं. तिच्यासाठी टाचणी दुसऱ्या बाजूनं खोचली. पहिल्या शनिवारी तिला दोरी नीट ओढताही आली नाही. डावा हात दुखला. पण बाण पेंढ्याला लागले. मग ती रोज घरी रिकाम्या हातानं उभं राहायचा सराव करायची. २६ जानेवारीला तिचं नाव काढलं नाही. तिची आई त्या दिवशी खुरपणीला न जाता बघायला आली होती. सहापैकी पाच बाण पेंढ्यात लागले आणि दोन लाल गोलात. आता ती शनिवारी माझ्या आधी रेघेवर उभी असते.

मोठे खेळाडूसुद्धा खूण बदलतात

आपल्या सातारा जिल्ह्यात मोठे तिरंदाज झाले आहेत. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. ते २०२१ साली झालेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळले. तिथं ७० मीटरवरून मारतात. निशाण १२२ सेंमी रुंद असतं आणि दहा गुणांचा गोल फक्त १२.२ सेंमी. साताऱ्याच्याच आदिती स्वामी २०२३ साली जर्मनीत बर्लिनला जगज्जेत्या झाल्या. त्याच दिवशी नागपूरचे ओजस देवतळेही जगज्जेते झाले. त्यांनी शेवटच्या सामन्यात १५ बाण मारले आणि पंधराही दहाच्या गोलात! १५० पैकी १५० गुण.

अशा खेळाडूंच्या धनुष्याला नेमाचं यंत्र असतं. त्यावर आकडे असतात. वारा आला, अंतर बदललं की ते यंत्र फिरवतात आणि आकडे लिहून ठेवतात. सामन्याआधी त्यांना सरावाचे बाण मिळतात. त्यांत ते आपली खूण बरोबर आहे का बघून घेतात. म्हणजे जगज्जेत्यालासुद्धा आधी घोळका बघावा लागतो आणि मग खूण हलवावी लागते.

थोडक्यात यादी

१. सहा बाण मारा, मधे काही बदलू नका.
२. घोळका आहे का विखुरलेले, ते बघा.
३. विखुरलेले असतील तर बाण, पिसं, गाठ आणि दोरी तपासा.
४. मग पाय, मूठ, हनुवटी, तोंड आणि सोडणं तपासा.
५. घोळका असेल तर बाण गेला तिकडं टाचणी न्या.
६. घोळका फारच लांब असेल तर पुढारी डोळा तपासा.
७. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा.

ही यादी मी मोठ्या अक्षरात लिहून धनुष्याच्या कपाटावर चिकटवली आहे. तिसरीच्या मुलांना पुढच्या वर्षी आखूड धनुष्य मिळेल. त्यांनी आत्ताच एक कोरी वही करून ठेवावी. ज्यांना पुढारी डोळा तपासायचा असेल त्यांनी मधल्या सुट्टीत चौथीच्या वर्गात यावं. मी आणि माझी मैत्रीण तपासून देऊ.